शिकारीला जाणाऱ्या जगदाळेकाकू

जगदाळेकाकूंना शिकारीबद्दल काही विचारायचं असेल तर आधी हातातली बशी खाली ठेवावी लागे. हा त्यांचा नियम होता. अर्धा वडा तोंडात, अर्धा हातात, आणि वर "काकू, तुम्हाला त्या बिचाऱ्या हरणाची दया नाही का हो येत?" असं कुणी विचारलं की त्या शांतपणे म्हणत, "आधी वडा संपवा. मग विचारा. एका वेळी एकच प्रश्न. आणि उत्तर संपेपर्यंत उठायचं न्हाई." शेवटची अट ऐकून निम्मे लोक प्रश्न मागे घेत आणि चहाच्या रांगेत जाऊन उभे राहत.

जे बसत त्यांची मात्र सुटका नसे. काकूंनी मिनेसोटातल्या शाळेत अख्खी नोकरी केमिस्ट्री शिकवण्यात घालवली होती. उत्तर अर्धवट द्यायचं नाही आणि अर्धवट ऐकूही द्यायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. मध्येच कुणी मोबाइल पाहिला तर त्या थांबत आणि तो खिशात जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहत.

मिनेसोटातल्या ईडन प्रेरी या गावात त्या आमच्यापासून दोन घरं सोडून राहत. बेताची उंची, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस आणि पायात बारा महिने जाड तळव्याचे बूट. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला ठेवणीतलं इरकल नेसून यायच्या, पण खाली बूट तेच. बोलणं अस्सल कोल्हापूरचं. तिकडच्या बायका बोलतात तशा त्या 'मी गेलो', 'मी जेवलो', 'मी म्हणालो' असंच बोलत आणि निम्मा जन्म अमेरिकेत काढून त्यात काडीचा फरक पडला नव्हता. आमची मुलगी लहानपणी त्यांच्याकडे खेळायला जायची. एक दिवस तीही घरी येऊन "मी दमलो" म्हणाली. माझी बायको मंजिरी म्हणाली, काकूंना जरा सांगायला हवं. ते कुणी सांगायचं, यावर आमचं आजतागायत ठरलेलं नाही.

कोल्हापूर आणि शिकार म्हटलं की लोक काकूंना थेट राजवाड्यात नेऊन बसवत. मग त्या खुलासा करत, "आमचे पणजोबा हाकारे होते. राजेलोक मचाणावर, आणि आमचे पणजोबा झाडीत डबा बडवत. वाघ उठला की पहिल्यांदा त्यांना दिसायचा. त्यामुळं घराण्यात बंदूक न्हाई, डबा हाय."

बंदूक काकूंच्या हातात आली ती इथंच, आणि तीही एका अपघातामुळं. एकदा संध्याकाळी शाळेतून परतताना त्यांच्या गाडीसमोर हरीण उडी मारून आलं आणि जागच्या जागी मेलं. पोलीस आला. इथं गाडीखाली मेलेलं हरीण परवाना लिहून घेऊन घरी नेता येतं. त्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, नेणार का? आपल्यापैकी कुणीही असता तर 'नको नको' म्हणत इन्शुरन्सला फोन लावला असता. काकू म्हणाल्या, नेतो. नंतर त्या मला सांगत होत्या, "मारलं मी. मग तिथं टाकून कसा जाऊ?" त्यांच्या शाळेत डेल नावाचे सुतारकाम शिकवणारे शिक्षक होते. काकूंनी त्यांना फोन केला. डेल सुऱ्या घेऊन आले आणि दोघांनी मिळून ते हरीण गराजमध्ये सोललं. जगदाळेकाका, म्हणजे काकूंचे यजमान, शांत स्वभावाचे इंजिनिअर. ते दिवा धरून उभे होते म्हणे.

पुढच्या वर्षी काकूंनी बंदूक वापरण्याचा सरकारी कोर्स केला. त्या वर्गात सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं आणि त्यांच्यात या. मागच्या बाकावर दंगा करणाऱ्या दोघांना त्यांनी सवयीनं उठवून पुढं बसवलं.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात काकू डोळ्यांत खुपणारं नारिंगी जाकीट चढवून डेलच्या उत्तरेकडच्या जमिनीवर जायच्या. हरीण मिळालं की गराजमध्ये टेबल मांडून काम सुरू. तिथलाही एक नियम होता. गराजमध्ये प्रश्न विचारायला बंदी नव्हती, पण विचारणाऱ्यानं कामाला हात लावला पाहिजे. मंजिरी खिम्याच्या मशीनवर असे. मी शाकाहारी, म्हणून मला पुड्यांवर नावं लिहायचं काम. 'खिमा', 'मांडी', 'बरगडी' असं मी वळणदार अक्षरात लिहीत बसे. अर्धं मटण त्या गरजूंना अन्न वाटणाऱ्या केंद्राला देत, उरलेलं आपल्या फ्रीझरमध्ये. बाहेरून त्यांनी कधी मटण विकत आणलेलं मी पाहिलं नाही. जे खातो तेच मारतो आणि जे मारलं ते खातो, हे वाक्य त्यांच्या घरात इतक्यांदा म्हटलं जाई की आम्हालाही पाठ झालं होतं.

इथले शिकारी 'मारलं' म्हणत नाहीत. 'हार्वेस्ट केलं' म्हणतात. काकूंना त्या शब्दाचा मनस्वी राग. "हार्वेस्ट मक्याचं करतात," त्या म्हणत. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी मारलं. मारलं म्हणायचं धाडस नसंल तर मारू नये."

काकूंना एक मुलगी, मृणाल. ती व्हर्जिनियातल्या हर्नडनला जनावरांची डॉक्टर आहे. काकूंच्या हातचा हरणाचा खिमा खाऊन वाढलेली ही मुलगी कॉलेजात गेली आणि पक्की शाकाहारी झाली. मायलेकींची त्यावर वर्षभर धुसफूस चालली आणि शेवटी तह झाला. तू मारतेस ते खातेस, वाया घालवत नाहीस, म्हणून मी बोलणार नाही, असं मृणालनं कबूल केलं. पुढं तिला मुलगा झाला, नील, तेव्हा तो आजीकडे येईल त्या वेळी त्याच्या ताटात ते वाढायचं नाही, हे काकूंनी कबूल केलं. दोघींनी तो तह काटेकोर पाळला. नील दर उन्हाळ्यात येई आणि काकू त्याला पिठलं-भाकरी करून घालत.

मग जगदाळेकाका गेले. हार्ट अटॅक, काही कळायच्या आत. काकू त्यानंतर सलग दोन वर्षं नोव्हेंबरात शिकारीला गेल्या नाहीत. प्रश्न विचारणाऱ्यांनाही "नंतर बघू" म्हणून वाटेला लावत, आणि ते आम्हाला सगळ्यात काळजीचं वाटे. तिसऱ्या वर्षी डेल आणि त्यांची बायको नामिबियाला शिकारीच्या सफरीवर निघाले. त्यांनी सहज विचारलं, येतेस का? काकू म्हणाल्या, येतो. साऱ्या जगाला नको तितकं सांगणाऱ्या काकूंनी लेकीला मात्र एवढंच सांगितलं की डेलबरोबर आफ्रिका बघायला चाललोय.

पुढं जे झालं ते फक्त आपल्या माणसांतच होऊ शकतं. तिकडं काकूंनी एक कुडू मारला. कुडू म्हणजे निलगाईएवढं जनावर, अंगावर पांढऱ्या रेघा आणि डोक्यावर पिळाची लांब शिंगं. त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसलेल्या, तोंडभर हसणाऱ्या काकूंचा फोटो डेलनं काढला. तो काकूंना शिकारी मित्रांच्या ग्रुपवर पाठवायचा होता. पाठवला तो मंडळाच्या मोदक समितीच्या ग्रुपवर. श्रावणातला सोमवार होता. आधीचा मेसेज होता, 'गूळ कोण आणतंय?' आणि त्याखाली मेलेल्या कुडूसह काकू, आणि त्यांनी लिहिलेलं, 'झालं एकदाचं.' कुणीतरी घाईघाईत हात जोडल्याचं चित्र टाकलं, मग फोटो मोठा करून पाहिला असावा, कारण ते हात लगेच गायब झाले.

मंडळाचे अध्यक्ष प्रमोद साठे यांनी थेट नामिबियाला फोन लावला. फोटो काढून टाका म्हणाले. काकू म्हणाल्या, "चुकीच्या ठिकाणी गेला, हे कबूल. श्रावणात लोकांना त्रास झाला, त्याबद्दल सॉरी. पण फोटो काढून टाकला म्हणजे मी मारलंच न्हाई, असं थोडंच होणार हाय?" फोटो तिथंच राहिला. संध्याकाळपर्यंत तो फिरत फिरत हर्नडनला पोचला. 'इज धिस युअर मॉम?' असं विचारत कुणीतरी मृणाललाच पाठवला.

मृणालनं आईला एकदाच फोन केला. नीलला त्या घरात पुन्हा आणणार नाही, एवढं सांगितलं आणि ठेवला. त्यानंतर काकूंचा फोन तिनं उचलला नाही.

त्या वर्षीच्या गणपतीत मोदकांवरून थोडं रामायण झालं. साठ्यांनी सुचवून पाहिलं की काकूंनी यंदा विश्रांती घ्यावी. काकू सकाळी सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघरात हजर. बूट दाराबाहेर, पदर खोचलेला, उकड मळायला घेतलेली. "मोदक मी करणार," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचे ज्यांना नको, त्यांना विकतचे पेढे हायत." साठ्यांनी पेढा खाल्ला. त्यांच्या बायकोनं मोदक मागून घेतले, तेही त्यांच्यादेखत.

पण काकूंचं लक्ष मोदकांत नव्हतं. दुपारी भांडी आवरताना त्या मंजिरीला म्हणाल्या, "सगळं गाव मला प्रश्न विचारतंय. जिनं विचारावेत ती विचारत न्हाई." मंजिरी म्हणाली, तुम्हीच जाऊन समजवा तिला. काकूंनी मान हलवली. "तिनं दार लावलंय. मी जाऊन कडी वाजवत बसलो तर ती उघडंल, पण ते मी आई हाय म्हणून. मला तिनं विचारायला पाहिजे."

म्हणून पुढं मंडळानं 'झाल्या प्रकाराबद्दल दोन शब्द बोला' म्हटलं, तेव्हा काकूंनी ते लगेच पकडलं. दोन शब्द नाहीत आणि माफीही नाही. हॉल घ्या, माईक लावा, ज्याला जे विचारायचं ते विचारू दे. एकच अट, सगळं रेकॉर्ड करून मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकायचं. साठ्यांनी विचारलं, रेकॉर्डिंग कशाला? काकू म्हणाल्या, "हर्नडनला दिसायला पाहिजे."

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी शाळेचं कॅफेटेरिया भरून गेलं. एरवी मंडळाच्या नाटकालाही एवढी गर्दी नसते. काकू खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. चहा नंतर, हे त्यांनीच जाहीर केलं.

पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणं सिंहाचा.

"न्हाई मारला," काकू म्हणाल्या. "आफ्रिकेत शिकारीला गेलं की माणूस सिंहच मारतो, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. मला सिंह खायचा न्हाई."

"पण जीपमध्ये बसूनच मारतात ना? म्हणजे त्यात कसली आलीय शिकार," दुसऱ्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले.

"तसे असतात. आमच्या गाइडनं पहिल्याच दिवशी सांगितलं, गाडीतून गोळी सुटणार न्हाई. सकाळपासून चालत होतो. काटे बुटातून आत आले."

ही प्राणीजात नष्ट होत चाललीय ना, असं एका बाईंनी विचारलं. काकूंनी सांगितलं की कुडू तिथं भरपूर आहेत, किती मारायचे हे तिथलं सरकार ठरवतं, मटण तिथल्या गावानं खाल्लं आणि पैसाही गावाला मिळाला. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर हॉल त्यांच्या बाजूनं झाला असता. पण त्या काकू होत्या. "सगळीकडं असं नीट चालतं का? न्हाई चालत. कुंपणात वाढवलेलं जनावर आणून पाहुण्यापुढं सोडणारेही हायत. मी तिथं जाणार न्हाई. पण तसलं काही नसतंच, असं मी सांगणार न्हाई."

साठ्यांनी अध्यक्ष म्हणून स्वतःचा प्रश्न शेवटी ठेवला होता, पण त्यांना दम निघाला नाही. "काकू, एवढीच आवड आहे तर कॅमेरा घेऊन जावं ना. फोटो काढावा, प्राण्याला जगू द्यावं."

"चांगली गोष्ट हाय. जावा तुम्ही," काकू म्हणाल्या. "पण साठेसाहेब, परवाच्या पिकनिकला तुम्ही तंदूरी आणली होती. त्या कोंबडीचा नुसता फोटो काढला असता तर चाललं असतं की न्हाई?"

हशा झाला. साठेही हसले, जरा उशिरा.

मग नागपूरचा एक पीएच.डी. करणारा मुलगा उभा राहिला, अनिकेत नावाचा. "काकू, राग मानू नका. पण बाहेरून पैसे घेऊन जायचं, तिथल्या माणसानं माग काढून द्यायचा, आणि आपण गोळी घालून फोटो काढायचा. हे थोडं साहेबी नाही वाटत?"

"वाटतं," त्या म्हणाल्या. "आमचे पणजोबा हाकारे होते, हे मी सगळ्यांना गमतीनं सांगतो. तिथं माझ्यापुढं माग काढणारा चालत होता, त्याचं नाव पेत्रुस, आणि मी बंदूक घेऊन त्याच्या मागं. तेव्हा गंमत वाटली न्हाई. मी त्याला विचारलं, तुला हे कसं वाटतं? तो म्हणाला, तुमच्यासारखे येतात म्हणून इथं ही जनावरं ठेवलीत, न्हाईतर गुरं चारली असती. हे त्याचं म्हणणं. मी पाहुणा, मला तो दुसरं काय सांगणार, हेही हाय. तुझ्या प्रश्नाला माझ्याजवळ पुरं उत्तर न्हाई, बाळा."

पीएच.डी.वाला खाली बसला. आपण जिंकलो की हरलो, हे त्याला कळलं नसावं.

शेवटी मागच्या रांगेतल्या एका शाळकरी मुलीनं हात वर केला. तिच्या आईनं तो खाली ओढला, तिनं पुन्हा वर केला. "डिड इट डाय राइट अवे?"

काकू खुर्चीवरून उठल्या. त्या सगळ्या कार्यक्रमात एवढ्या एका प्रश्नासाठी उठल्या. "न्हाई," त्या म्हणाल्या, आणि मग तिच्यासाठी इंग्रजीत बोलल्या. पहिली गोळी त्याला मागच्या बाजूला लागली. वारा होता, घाई झाली, चूक त्यांची. कुडू झाडीत गेला. गाइड म्हणाला, तुम्ही सावलीत बसा, आम्ही शोधतो. काकू बसल्या नाहीत. पेत्रुसच्या मागं त्या उन्हात चालत राहिल्या. कुठं पानावर रक्ताचा थेंब, कुठं खुराचा अर्धा ठसा. दुपार कलायला लागली तेव्हा तो सापडला, उभा होता. दुसरी गोळी काकूंनीच घातली. "अँड देन आय क्राइड," काकू म्हणाल्या. "अँड देन आय वॉज हॅपी. बोथ." त्या मुलीनं मान डोलावली.

रेकॉर्डिंग पानावर चढलं. मंडळात काकूंची बाजू घेणारे वाढले आणि त्यांच्याशी बोलणं टाकणारेही थोडे वाढले. हर्नडनहून काहीच आलं नाही. काकू फोन आता बुटांच्या कपाटावर न ठेवता अंगावरच बाळगायला लागल्या होत्या. मंजिरीला ते बघवत नसे. मलाही नाही.

नोव्हेंबरात त्या पुन्हा डेलच्या जमिनीवर गेल्या आणि हरीण घेऊन आल्या. आम्ही दोघं नेहमीप्रमाणं गराजमध्ये कामाला लागलो. बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि दार अर्धं उघडं होतं. एक टॅक्सी येऊन थांबली. मृणाल उतरली, एकटीच, खांद्याला छोटी बॅग. ती दाराशी आली आणि टेबलावर काय आहे ते दिसल्यावर तिथंच थांबली.

"आलीस?" काकू म्हणाल्या.

"आलो," मृणाल म्हणाली. एरवी ती आईशी इंग्रजीतच बोलते. रागात असली की मराठी येतं, आणि ते आईचंच मराठी असतं.

मी आणि मंजिरी उठायला लागलो. मृणाल म्हणाली, "बसा काका. तुमच्यासमोर विचारतो, म्हणजे हिला नंतर म्हणता यायचं नाही की मी विचारलं नाही." मग आईकडे वळून म्हणाली, "तो व्हिडिओ पाहिला. सगळा. दोनदा. एक गोष्ट कुणीच विचारली नाही."

काकूंनी सुरी खाली ठेवली.

"लहानपणापासून तू मला शिकवलंस, जे खातो तेच मारतो. हरणाचं मी म्हणूनच ऐकून घेतलं. आय मेड पीस विथ इट. पण तिथलं मटण इकडं आणता येत नाही, हे तुला जायच्या आधी माहीत होतं. तिथल्या लोकांनी खाल्लं, फाइन. पण तू नसतीस तर दुसऱ्या कुणी मारलं असतं आणि त्यांनी तसंच खाल्लं असतं. मग तूच का? व्हाय डिड इट हॅव टू बी यू, आई?"

"तो म्हातारा नर होता," काकूंनी सुरुवात केली. "कळपातून बाहेर पडलेला. त्याचं वय..." आणि त्या थांबल्या. काकू उत्तराच्या मध्येच स्वतःहून थांबल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "ते खरं हाय. पण ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर न्हाई."

मृणालनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"मला जायचं होतं," काकू म्हणाल्या. "तुझे बाबा गेल्यावर मला कशाचीच इच्छा व्हायची न्हाई. चहाचीसुद्धा न्हाई. डेलनं विचारलं आणि जावंसं वाटलं. त्या जनावराच्या मागं चालताना मला वाटत होतं, मी अजून हाय. मटण वाया गेलं न्हाई, गावाला पैसा मिळाला, जे मी लोकांना सांगितलं ते सगळं खरं. पण मी गेलो ते माझ्यासाठी. ते मी माझ्या हौसेसाठी मारलं."

"मग जायच्या आधी मला का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाली असतीस," काकू म्हणाल्या. "आणि मग मी गेलो नसतो."

मंजिरीनं माझा हात धरला होता. मी पुडीवर काहीतरी लिहीत असल्याचं दाखवत होतो आणि डोळ्यांपुढं अक्षर दिसत नव्हतं. मृणालनं नाक पुसलं. "इट्स स्टिल राँग, आई," ती म्हणाली. "मला अजूनही चूकच वाटतं. तू सांगितल्यावर तर जास्तच."

"वाटू दे," काकू म्हणाल्या. "चूक म्हण. रोज म्हण, मी ऐकतो. पण घरी येऊन म्हण. फोन बंद करून म्हणू नकोस."

मृणालला तो गराजमधला वास सहन होत नव्हता. तिनं बॅग उचलली आणि आतल्या दारानं घरात गेली. काकूंनी टेबलाकडं एकदा बघितलं. हातातलं काम अर्धं टाकून त्या कधी उठत नसत. त्या दिवशी त्यांनी ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला, कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं उरकाल ना?" उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या. मंजिरीनं सुरी उचलली. उरलेल्या पुड्या बांधायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि अशा तऱ्हेनं मी जन्मात पहिल्यांदा मटणाला हात लावला. तुकडे वेडेवाकडे झाले. काकूंनी नंतर कित्येक महिने ते आम्हाला ऐकवलं.

मृणाल तेव्हा चार-पाच दिवस राहिली. ख्रिसमसला नीलला घेऊन आली. सगळं गोडीगुलाबीनं झालं, असं मात्र मी सांगणार नाही. आम्ही जेवायला गेलो की दोघींचं काहीतरी चाललेलंच असे. कुंपणातल्या शिकारीवर मृणालनं काय काय वाचून आणलेलं असे, आणि काकू बशी खाली ठेवून ऐकत. दोनदा मी काकूंना "हे मला माहीत नव्हतं" म्हणताना ऐकलं. आफ्रिकेला मात्र त्या पुन्हा गेल्या नाहीत. मृणालला तसं वचन दिलंय का, असं मंजिरीनं विचारलं, तर म्हणाल्या, "तिनं मागितलं न्हाई. मला आता जावंसं वाटत न्हाई." हरणाच्या शिकारीला जायचं त्यांनी थांबवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं आणि हर्नडनला जायचं ठरवलं. मृणालच्या घरात नाही, तिथून चालत जाता येईल अशा लहान अपार्टमेंटमध्ये. जायच्या आधीच त्यांनी व्हर्जिनियाच्या शिकारीच्या लायसन्सची सगळी चौकशी करून ठेवली होती. कुडूची शिंगंही वसंतात एका मोठ्या खोक्यातून येऊन पोचली होती. ती मृणालच्या घरी येणार नाहीत, हे ठरलं होतं. काकूंच्या अपार्टमेंटमध्ये ती भिंतीवर लागणार की कपाटात राहणार, हे ठरायचं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही सामान भरायला गेलो. भाड्याचा ट्रक मृणाल चालवणार होती. काकूंनी मंजिरीला जवळ घेतलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. रडारड झाली नाही. काकूंना ती खपली नसती. पण मला फार वाईट वाटत होतं. एवढ्या लोकांनी एवढे प्रश्न विचारूनही ज्या माणसानं कुणाला एकदाही गोड खोटं उत्तर दिलं नाही, तसं माणूस आमच्या रस्त्यावर पुन्हा राहायला येणार नव्हतं.

ट्रक निघाला आणि कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनला थांबला. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा होता, तरी तो हलेना. खिडक्या उघड्या होत्या. शब्द कळत नव्हते, पण मृणालचा आवाज चढलेला होता. स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून ती काहीतरी विचारत होती आणि काकू तिच्याकडे पूर्ण वळून बसल्या होत्या. आम्ही रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात हलवत होतो. मग ट्रक डावीकडे वळला. दोघींपैकी कुणीही मागं पाहिलं नाही.